डार्विनच्या घरातला देव

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा विषय माझ्यावरच सोडला होता. मी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे सर मधुमेहावर किंवा गच्चीवरच्या बागेवर काहीतरी लिहितील अशी त्यांची अपेक्षा असणार. पण मी लिहितोय चार्ल्स डार्विनवर. त्याला कारण आपल्याच सोसायटीत घडलेली एक गोष्ट आहे. तिच्यात चूक माझी होती, म्हणून आधी तीच सांगून टाकतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल. एका वर्षी बी विंगमध्ये आठ महिन्यांत तीन माणसं गेली. त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला की जमिनीखालची पाण्याची टाकी चुकीच्या दिशेला आहे, वास्तुतज्ज्ञाला बोलवावं, टाकी हलवावी आणि एक शांती करून घ्यावी. खर्च दुरुस्ती फंडातून. मी उठलो. गेलेल्या तिघांचे आजार वेगवेगळे होते हे सांगितलं. ए विंगही त्याच टाकीचं पाणी पिते, मग तिथे कोणी का गेलं नाही, हे विचारलं. इथवर ठीक होतं. पण पुढे, तिथेच बसलेल्या एका वहिनींकडे बघत मी म्हणालो की तुमचे यजमान दिशेमुळे नाही, सिगरेटमुळे गेले. त्यांना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून गेल्या. ठराव नामंजूर झाला आणि मी जिंकलो. घरी आलो तर बायकोने ताट वाढलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. दोन दिवस बोलली नाही.

त्या दोन दिवसांत वेळ घालवायला म्हणून मी कपाटातलं डार्विनचं चरित्र काढलं. बत्तीस वर्षं मी हा माणूस शिकवला होता, पण एका धड्यापुरता. पाच मार्कांची टीप. जहाज, बेटं, पक्ष्यांच्या चोची, संपलं. या माणसाला घर होतं, त्या घरात मनापासून देव मानणारी बायको होती, आणि तो वाद त्रेचाळीस वर्षं एकाच छपराखाली नांदला, हे मी कधी मुलांना सांगितलंच नव्हतं. मलाच नीट माहीत नव्हतं.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावचा. वडील डॉक्टर, गावात मोठं नाव, पैसा भरपूर. आई प्रसिद्ध वेजवुड घराण्यातली, चिनी मातीची भांडी करणाऱ्यांची मुलगी. चार्ल्स आठ वर्षांचा असताना ती गेली. मुलाने डॉक्टर व्हावं म्हणून वडिलांनी त्याला एडिंबराला धाडलं. तो भूल देण्याच्या आधीचा काळ. जिवंत माणसाला बांधून चाललेली शस्त्रक्रिया बघून पोरगा बाहेर पळाला तो परत फिरकला नाही. मग वडिलांनी दुसरा मार्ग काढला. मुलाला पाद्री करायचं ठरवलं. खेडेगावातलं चर्च, राहायला घर, बरा पगार, आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करायला मोकळीक. चार्ल्सला यात काही वावगं वाटलं नाही. तो केंब्रिजला गेला. म्हणजे ज्याला पुढे धर्माचा शत्रू ठरवलं गेलं, त्याचं शिक्षण धर्मोपदेशक होण्यासाठी झालं होतं.

केंब्रिजला त्याने विल्यम पेली या धर्मपंडिताची पुस्तकं वाचली आणि ती त्याला फार आवडली. पेलीचा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो. माळरानावर घड्याळ सापडलं तर ते कोणीतरी बनवलं असणार हे कळतं. मग माणसाचा डोळा तर घड्याळापेक्षा कितीतरी नाजूक, त्याला घडवणारा नको का? तरुण डार्विनला हे पूर्ण पटलं होतं. हे महत्त्वाचं आहे. समोरच्याचं म्हणणं त्याने आतून अनुभवलेलं होतं. मी सभेत ज्यांच्याशी भांडलो त्यांचं म्हणणं मी कधी पाच मिनिटं तरी खरं धरून पाहिलं होतं का?

२७ डिसेंबर १८३१ ला बीगल जहाज निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ ला परत आलं. जवळजवळ पाच वर्षं. निघाला तेव्हा तो बायबल प्रमाण मानणारा होता, इतका की नीतीच्या प्रश्नावर त्याने बायबलचा दाखला दिला म्हणून जहाजावरचे काही अधिकारी त्याला हसले होते. पण डोळे उघडे होते. १८३५ च्या फेब्रुवारीत चिलीमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा समुद्रकाठची जमीन काही फूट वर उचललेली त्याने पाहिली. असे धक्के लाखो वर्षं बसत राहिले तर डोंगर उभे राहतील, हे त्याच्या लक्षात आलं. त्याच वर्षी गालापागोस बेटांवर तो सुमारे पाच आठवडे होता. तिथले पक्षी बघितल्याबरोबर त्याला साक्षात्कार झाला असं आपण मुलांना सांगतो. तसं झालेलं नाही. कुठला फिंच पक्षी कुठल्या बेटावरचा याच्या नीट चिठ्ठ्यासुद्धा त्याने लावल्या नव्हत्या. परत आल्यावर १८३७ मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते वेगवेगळ्या जातींचे पक्षी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने जहाजावरच्या इतरांचे नमुने मागवून ताडून पाहिले. विज्ञान हे असं चालतं. आधी गडबड, मग दुसऱ्याने दाखवलेली चूक, मग पडताळणी.

पुढे त्याने वह्या भरायला घेतल्या. १८३८ मध्ये माल्थसचं लोकसंख्येवरचं पुस्तक वाचताना धागा हाती आला. जितके जीव जन्मतात तितके जगू शकत नाहीत. प्रत्येकात थोडा थोडा फरक असतो. ज्याचा फरक त्या जागी कामाला येतो तो टिकतो आणि आपली वीण वाढवतो. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं की नव्या जाती होतात. घड्याळ घडवायला घड्याळजी लागतोच असं नाही, असा याचा अर्थ होत होता.

नेमकं याच वर्षी त्याने लग्नाचं ठरवलं. आधी कागदाचे दोन भाग करून लग्नाचे फायदे-तोटे लिहिले. एका बाजूला वेळ जाईल, पुस्तकांना पैसे उरणार नाहीत. दुसऱ्या बाजूला म्हातारपणी सोबत. सोबतीची बाजू जिंकली. मुलगी होती एम्मा वेजवुड, त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे हे नातं नवीन नाही. वडिलांनी लग्नाआधी त्याला एक व्यवहारी सल्ला दिला होता की धर्माबद्दलच्या शंका बायकोपासून लपवून ठेव, उगाच तिच्या जिवाला घोर लागतो. चार्ल्सने तो सल्ला मानला नाही. त्याने एम्माला सगळं सांगून टाकलं.

एम्माची श्रद्धा आंधळी नव्हती. तिच्या माहेरचं वळण युनिटेरियन पंथाचं, विचाराला जागा देणारं. शिकलेली, पियानो उत्तम वाजवणारी. पण त्या श्रद्धेच्या मुळाशी एक जखम होती. तिची पाठची नव्हे, दोन वर्षांनी मोठी बहीण फॅनी. दोघी जोडीने वाढलेल्या. १८३२ मध्ये फॅनी अचानक गेली. मेल्यानंतर आपण पुन्हा भेटणार या विश्वासावर एम्मा उभी राहिली. आता नवरा म्हणतोय की त्याला त्या विश्वासाबद्दलच खात्री नाही. मग मेल्यावर नवरा आणि आपण एकत्र असणार की नाही? तिच्या दृष्टीने हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हता.

२९ जानेवारी १८३९ ला लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत एम्माने त्याला पत्र लिहिलं. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याला पत्र! समोरासमोर बोलताना आवाज चढतो, रडू येतं, म्हणून लिहिलं असावं. त्यात भांडण नव्हतं. तो प्रामाणिकपणे सत्य शोधतोय, तेव्हा तो चुकीच्या मार्गाला आहे असं तिला म्हणायचं नव्हतं. पण सिद्ध झाल्याशिवाय काहीच न मानण्याची विज्ञानातली सवय, ज्या गोष्टी त्या पद्धतीने सिद्ध होतच नाहीत त्यांनाही लावली जात नाही ना, एवढी काळजी तिने मांडली होती. डार्विनने ते पत्र जन्मभर जपलं. त्याच्या तळाशी त्याने स्वतःच्या अक्षरात तिच्यासाठी लिहून ठेवलं की आपण कितीतरी वेळा या पत्राचं चुंबन घेतलं आहे आणि त्यावर रडलो आहोत. त्याचं मत मात्र बदललं नाही. तिचंही नाही.

१८४२ मध्ये ते लंडनहून पंचवीसेक किलोमीटरवरच्या डाउन या खेड्यात राहायला गेले आणि तिथलेच झाले. दोन वर्षांनी त्याने आपल्या सिद्धान्ताचा सव्वादोनशेहून अधिक पानांचा मसुदा तयार केला. छापला नाही. पण तब्येत सतत बिघडलेली, आपण अचानक गेलो तर काय, म्हणून एक पत्र लिहून ठेवलं. ते एम्माच्या नावे होतं. आपल्या मागे हा मसुदा छापून घ्यावा, त्यासाठी चारशे पौंड वापरावे. जो मजकूर तिच्या देवाला धक्का लावणारा, तो जगापुढे आणायचं काम त्याने तिच्यावर सोपवलं. एम्माने तो मसुदा वाचला. डोळा हळूहळू घडत गेला असेल या ठिकाणी तिने कडेला शेरा मारला की हे गृहीतक फारच मोठं आहे. पुढे छापलेल्या पुस्तकात डार्विनने डोळ्याची अडचण स्वतःहून उघडपणे मांडली आणि मग तिचं सविस्तर उत्तर दिलं. पहिली शंका घरातच निघाली होती.

आता या घरातल्या सर्वांत अवघड दिवसांकडे येतो. त्यांना दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. ॲनी ही थोरली मुलगी, बापाची लाडकी, दहा वर्षांची. १८५१ मध्ये ती आजारी पडली. डार्विन तिला माल्व्हर्नला डॉक्टर गली यांच्याकडे घेऊन गेला. हे डॉक्टर थंड पाण्याचे उपचार करायचे, शिवाय होमिओपॅथीच्या गोळ्याही द्यायचे. डार्विन स्वतः त्यांचा रोगी होता. गोळ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, पण डॉक्टरांचा मान राखून तो त्या घ्यायचा. एम्माचे दिवस भरत आले होते, तिला घरीच थांबावं लागलं. दोघं रोज पत्रं लिहीत होते. २३ एप्रिलला ॲनी गेली. बाप अंत्यविधीलासुद्धा थांबला नाही, एम्माजवळ असायला हवं म्हणून घरी आला. आठवड्याने त्याने ॲनीच्या आठवणी लिहून काढल्या. ती कशी नाचत पुढे चालायची, कशी केस नीट करून द्यायची, एवढंच त्यात आहे. देवावर एक शब्द नाही, रागाचा नाही की विनवणीचा नाही. एम्माने मुलीची लेखनाची पेटी सांभाळून ठेवली, ती तिच्या पश्चात मुलांना मिळाली.

ॲनी गेली आणि डार्विनची श्रद्धा गेली, असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. त्याने स्वतः असं म्हटलेलं नाही. आपल्याला अविश्वास फार सावकाश आला, एवढंच त्याने लिहून ठेवलंय. पण एकच मरण त्या घरात दोघांनी सोसलं. एकीला पुन्हा भेटीची आशा होती, दुसऱ्याला तीही नव्हती. तरी दोघांपैकी कोणी दुसऱ्याला बघ, तुझं चुकलं, असं म्हटल्याचा माग कुठे सापडत नाही. इथे मी पुस्तक मिटलं. मला सभेतला माझा आवाज ऐकू आला.

रविवारी डार्विन बायकामुलांना घेऊन चर्चपर्यंत चालत जायचा आणि ती आत गेली की स्वतः फिरायला निघायचा. लपवाछपवी नाही, तमाशाही नाही. गावचे पाद्री जॉन ब्रॉडी इनिस त्याचे पक्के मित्र. दोघांचं कुठल्याच विषयावर एकमत नाही, हा त्या दोघांच्याच थट्टेचा विषय. तरी गावकऱ्यांच्या मदत मंडळाचा खजिनदार म्हणून डार्विनने सुमारे तीस वर्षं हिशेब ठेवले. गरिबांना कोळसा-कपडे द्यायच्या फंडाचंही काम पाहिलं. सोसायटीचं खजिनदारपद कसलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. जगात खळबळ उडवणारा माणूस घरी बसून गावच्या पै-पैचा ताळा जमवत होता.

मवाळ होता म्हणून पुराव्याच्या बाबतीत तो ढिला होता, असं मात्र कोणी समजू नये. उलट तिथे तो स्वतःशीच कठोर होता. त्याचा एक नियम होता. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती ताबडतोब लिहून ठेवायची, कारण अशाच गोष्टी आपण सगळ्यांत लवकर विसरतो. समुद्रातल्या बेटांवर झाडं कशी पोचली? देवाने तिथेच निर्माण केली असं उत्तर सोपं होतं. त्याने ८७ प्रकारचं बी खाऱ्या पाण्यात भिजत ठेवलं. २८ दिवसांनी त्यातल्या ६४ प्रकारांना कोंब फुटले, काही तर १३७ दिवसांनंतरही जिवंत होते. कबुतरं पाळली, कबुतरवाल्यांच्या मंडळात जाऊन बसला. बार्नॅकल म्हणजे खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांवर त्याने आठ वर्षं घालवली. तोवर मसुदा कपाटातच राहिला.

१८५८ च्या जूनमध्ये आल्फ्रेड वॉलेस या निसर्गअभ्यासकाचा लेख टपालाने आला. पूर्वेकडच्या बेटांवर तापाने पडलेल्या या माणसाने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. डार्विन हादरला. त्याच वेळी घरात शेवटचं मूल, दीड वर्षांचा चार्ल्स वॉरिंग, तापाने गेलं. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख एकत्र वाचले गेले तेव्हा डार्विन तिथे नव्हता. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ ला, पुस्तक निघालं. पहिली आवृत्ती १२५० प्रतींची. मुद्रितं तपासायला एम्माने हातभार लावला होता.

त्यानंतर जो गदारोळ झाला तो सर्वांना माहीत आहे. ३० जून १८६० ला ऑक्सफर्डमध्ये बिशप विल्बरफोर्स आणि टॉमस हक्सली यांची प्रसिद्ध चकमक झाली. बीगलचा कप्तान फिट्झरॉयही त्या सभेत होता, बायबल उंचावून लोकांना विनवत होता. डार्विन त्या दिवशी पाण्याचे उपचार घेत दुसरीकडे होता. टाळ्या मिळवणारं भाषण हे त्याचं काम नव्हतं. त्याचा खरा वाद चालला होता पत्रातून, अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतितज्ज्ञाशी. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती. उत्क्रांती खरी, पण तिला दिशा देवाची, असं त्याचं मत. डार्विन त्याला विचारायचा, की गांधीलमाशीच्या कुळातली एक जात जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि पिल्लं त्याला आतून खात मोठी होतात. दयाळू देवाने हे मुद्दाम योजलं असेल का? मात्र लगेच हेही कबूल करायचा की हे अद्भुत विश्व निव्वळ योगायोगाने झालं असंही आपलं मन मानत नाही. आणि ग्रेने स्वतःच्या बाजूचे लेख लिहिले तेव्हा त्यांची पुस्तिका इंग्लंडमध्ये निघावी म्हणून डार्विनने खर्चाचा वाटा उचलला. विरोधी मताचं पत्रक आपल्या पैशाने छापून वाटणारा माणूस मी आपल्या सभांमध्ये अजून पाहिलेला नाही. मी स्वतःही तसा नाही.

त्याला उत्तर न देता आलेले प्रश्न होते. विल्यम टॉमसन या पदार्थवैज्ञानिकाने पृथ्वीचं वय दहा कोटी वर्षांच्या आसपास काढलं. उत्क्रांतीला एवढा वेळ पुरत नव्हता. डार्विनने ही मोठी अडचण असल्याचं मान्य केलं. तो गेल्यावर किरणोत्साराचा शोध लागला आणि टॉमसनचाच आकडा फार लहान ठरला. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात याबद्दलचा डार्विनचा तर्क साफ चुकला. त्याचं बरोबर उत्तर ग्रेगोर मेंडेलने शोधलं होतं, आणि तो मठात राहणारा धर्मोपदेशक होता. पुरावा कोण आणतो, त्याच्या गळ्यात काय आहे, हे विज्ञान विचारत नाही.

भोंदूपणाची मात्र त्याने गय केली नाही. त्या काळी लंडनमध्ये आत्मे बोलावण्याचं खूळ होतं. १८७४ मध्ये त्याच्या भावाच्या घरीच असा प्रयोग झाला. डार्विन गरमीने थकून आधीच उठून गेला, आणि मग हक्सलीला अशाच एका बैठकीत जाऊन हातचलाखी कशी होते ते बघायला लावलं. १८७६ मध्ये हेन्री स्लेड या माध्यमावर फसवणुकीचा खटला झाला, त्याला डार्विनने दहा पौंड दिले. गंमत अशी की स्लेडच्या बाजूने साक्ष द्यायला उभा होता तोच वॉलेस, उत्क्रांतीचा सहशोधक. वॉलेसचा आत्म्यांवर पूर्ण विश्वास होता. डार्विनला ते मुळीच पटत नव्हतं. पण पुढे वॉलेस पैशाच्या ओढगस्तीत आला, तेव्हा त्याला सरकारी पेन्शन मिळावं म्हणून खटपट करणाऱ्यांत डार्विनच पुढे होता. १८८१ मध्ये वर्षाला दोनशे पौंडांचं पेन्शन मंजूर झालं.

स्वतःच्या श्रद्धेबद्दल कोणी विचारलं तर तो शेवटी एवढंच सांगायचा की आपण नास्तिक कधीच नव्हतो, आपलं मत वरखाली होत असतं, अज्ञेयवादी हा शब्द त्यातल्या त्यात बरोबर. आहे किंवा नाही हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही, असा त्याचा अर्थ. मी आयुष्यभर मुलांना विज्ञान म्हणजे ठामपणा असं शिकवत आलो होतो.

आणि संध्याकाळी? रोज रात्री नवरा-बायको बॅकगॅमनचे दोन डाव खेळायचे, फासे-सोंगट्यांचा खेळ. पठ्ठ्याने याचाही हिशेब ठेवला होता. १८७६ मध्ये त्याने ग्रेला कळवलं की एम्माने २४९० डाव जिंकलेत आणि आपण २७९५. देवाबद्दलचा डाव त्या घरात कोणीच जिंकला नाही. म्हातारपणी त्याने गांडुळांवर प्रयोग केले. त्यांना ऐकू येतं का ते बघायला एक मुलगा बॅसून वाजवायचा आणि एम्मा पियानो. गांडुळांना ऐकू येत नाही असं ठरलं.

१९ एप्रिल १८८२ ला, त्र्याहत्तराव्या वर्षी, डार्विन घरीच गेला. एम्मा जवळ होती. त्याला गावच्या मातीत जायचं होतं, पण देशाने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या जवळ पुरलं. एम्मा त्या समारंभाला गेली नाही. पुढे १९१५ मध्ये एका बाईंनी छापलं की डार्विनने मृत्युशय्येवर बायबल हाती घेऊन पश्चात्ताप केला. त्याच्या मुलीने जाहीर सांगितलं की त्या बाई तेव्हा घरात नव्हत्याच. अशा गोष्टी आजही फिरतात, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा.

डार्विनने मुलांसाठी आत्मवृत्त लिहिलं होतं. ते १८८७ मध्ये छापलं गेलं तेव्हा एम्माच्या इच्छेवरून धर्माबद्दलचा काही झोंबणारा मजकूर गाळला होता. तो मूळ स्वरूपात १९५८ मध्ये त्याच्या नातीने, नोरा बार्लोने, छापला. कोणी म्हणेल एम्माने सत्य दडवलं. मला तसं म्हणवत नाही. तिने कागद जाळले नाहीत, जपले. म्हणून तर नातीला ते छापता आले.

आता पुन्हा आपल्या गोष्टीकडे. ते चरित्र वाचून झाल्यावर मी एका संध्याकाळी त्या वहिनींकडे गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा केला. मग जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. टाकीमुळे नवरा गेला असं त्यांनाही वाटत नव्हतं. सिगरेट सोडा म्हणून त्या स्वतः वीस वर्षं मागे लागल्या होत्या. पण चार महिन्यांत जिन्यात, लिफ्टमध्ये कोणी त्यांचं नावसुद्धा काढत नव्हतं. शांतीचा विषय निघाला तेव्हा त्यांना वाटलं, चला, सगळे मिळून त्या तिघांसाठी काहीतरी करतायत. मी पुरावा मागत होतो, आणि त्यांनी दावा केलाच नव्हता.

हे इथे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. टाकी हलवायला माझा तेव्हा विरोध होता, आजही आहे. नंतर इंजिनिअरने तपासली तेव्हा एका भिंतीला तडा निघाला, तो जागेवरच दुरुस्त झाला. फंडाचा पैसा दिशांवर खर्च करू नये, हे मी पुढच्या सभेतही उभा राहून म्हणेन. फक्त कोणाच्या दुःखाकडे बोट दाखवून म्हणणार नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सत्यनारायणाची तयारी माझी बायको आणि त्या वहिनी बघणार आहेत. मी मांडव, खुर्च्या आणि वर्गणीचा हिशेब बघणार आहे. हा लेख बायकोने आधी वाचला. एक वाक्य तिने काढायला लावलं. कोणतं ते विचारू नका.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी शुभेच्छा.

– एक सभासद, ए विंग